लहान दुकान, मोठी पेठ आणि हातातला मोबाइल
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुकानाची जाहिरात कोण करतो, असा प्रश्न जुन्या पिढीतील व्यापाऱ्यास विचारला, तर तो गिऱ्हाइकाकडे बोट दाखवील. औशासारख्या तालुक्याच्या गावी दुकानावरील पाटी ही टपालवाल्याच्या सोयीसाठी असे. किल्लारीचे, लामजन्याचे किंवा मातोळ्याचे गिऱ्हाईक पाटी वाचून येत नसे, कोणी तरी सांगितले म्हणून येत असे. औसा तालुक्यातील उजनीची बासुंदी घ्या. लातूर-तुळजापूर रस्त्यावरील या गावाने आपल्या बासुंदीसाठी कोणत्या वर्तमानपत्राचे पान विकत घेतले होते? वाटेवर थांबणाऱ्या प्रवाशांनी ती सोलापूरपर्यंत आणि त्याही पुढे नेऊन पोहोचविली. आपल्या सर्वांस वंदनीय असलेल्या कुंथलगिरी क्षेत्राच्या परिसरातील खव्याचेही तेच झाले. दर्शनास जाणारा यात्रेकरू परतताना खवा किंवा पेढा बांधून आणी, आणि शेजारच्या घरी देताना गावाचे नाव सांगे. पुढे २०२४ मध्ये या खव्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांनाही ते मिळाले. सरकारी शिक्का नंतर आला, लोकांच्या जिभेवरचा शिक्का आधी उमटला होता.

म्हणून समाजमाध्यमांचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळी सहज म्हणतात, ‘आम्हाला याची गरज पडली नाही.’ हे म्हणणे खरे आहे, परंतु अपुरे आहे. त्यांच्या वेळी सांगणारा माणूस चावडीवर, एसटीच्या थांब्यावर आणि लग्नाच्या मांडवात भेटत असे. आज तोच माणूस तेच सांगणे मोबाइलवर सांगतो. बोलण्याची जागा बदलली, तेथे दुकानदार हजर नसेल तर त्याच्याविषयी बोलणेही होत नाही.

मराठी उद्योजकांस ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडेसे नांगर खपण्यासही दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी वसली. माल उत्तम होता, पण खेडोपाडीच्या शेतकऱ्यास तो समजावयाचा कसा, हा प्रश्न शिल्लक राहिला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. त्यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र वाचनीय मजकुरामुळे घराघरांत गेले आणि त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिकही त्याच घरातून निघाले. त्यातील मर्म असे की, सतत ‘घ्या, घ्या’ म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काही दिले तर तो पान उलटतो, आणि पान उलटता उलटता नांगरही पाहतो. आज तरुण मंडळी ज्याला ‘कंटेंट’ म्हणतात, ते याहून फार निराळे नाही.

आता आपल्या पेठेकडे वळावयाचे. २०१६ हे वर्ष व्यापाऱ्यांस नोटाबंदीमुळे लक्षात आहे. पण त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले, या दोन गोष्टींनी पेठेचे रूप अधिक पालटले. औशाहून लातूर वीस किलोमीटर. रस्ता रुंद झाला तसे गिऱ्हाईक लातूरला जाऊ लागले, याची तक्रार बरीच वर्षे चालू होती. तोवर सुरत थेट गिऱ्हाइकाच्या हातात येऊन बसली. २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मीशो या कंपनीने तर आरंभी गृहिणींनाच व्हॉट्सअ‍ॅपवरून साड्या विकण्यास लावले. म्हणजे कापड दुकानदाराचा स्पर्धक शेजारच्या गल्लीतील वहिनी झाली, जिला ना भाडे, ना नोकर, ना विजेचे बिल.

लग्नाच्या बस्त्याचे उदाहरण पाहावे. पूर्वी बस्ता बांधावयास दोन्हीकडची पंधरा-वीस मंडळी येत. आहेराच्या साड्या, खण, टॉवेल-टोपी, नवरदेवाचा पोशाख, सारे एका बैठकीत होई आणि निर्णय घरातील वडीलधाऱ्यांचा असे. आज नवरी मुलगी मोबाइल पुढे करून म्हणते, ‘अशी पाहिजे.’ वडीलधारे पैसे देतात, निवड तिची असते, आणि ती निवड दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच झालेली असते. ज्या पडद्यावर निवड होते, तेथे औशाचे दुकान दिसले नाही तर लातूरचे दिसते, तेही नाही तर सुरतेचे.

यावर अनेक दुकानदारांनी केलेला उपाय म्हणजे सुरतेच्या आडत्याने पाठविलेली छायाचित्रे जशीच्या तशी पुढे ढकलणे. हा उपाय घातक आहे, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे. तेच छायाचित्र, तीच नटी, तीच साडी शंभर दुकानांतून फिरत असते. गिऱ्हाईक ते पाहते, दुसरीकडे पन्नास रुपयांनी स्वस्त दिसते, आणि स्वतःच्या दुकानदाराने आपल्याला लुटले असा समज करून घेते. म्हणजे जाहिरात आपण करावयाची आणि विक्री दुसऱ्याची व्हावयाची! आपल्या गादीवर, आपल्या उजेडात, आपल्या माणसाने उलगडलेल्या साडीचे साधे छायाचित्र यापेक्षा शतपटीने बरे. दुपारी दारातल्या उजेडात काढले तर रंगही खरा येतो. ट्यूबलाइटखाली रामा हिरवा निळसर दिसतो आणि मरून रंगाचा चॉकलेटी होतो. दहा सेकंदांच्या चित्रफितीत पदर हलवून दाखविला, साडी उलटी करून मागचे धागे दाखविले, तर पोताचा थोडा अंदाज येतो. पोत पूर्ण कळण्यास मात्र बोटेच लागतात, आणि लहान दुकानाचे खरे भांडवल तेच आहे. पडद्यावर दाखवावे आणि दुकानात हात लावावयास बोलवावे, हा क्रम राखावा.

साधनांपैकी लहान गावास सर्वांत उपयोगी ठरले ते व्हॉट्सअ‍ॅप. जानेवारी २०१८ मध्ये व्यापाऱ्यांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आली आणि २०१९ मध्ये तीत मालाची यादी छायाचित्रांसह लावण्याची सोय झाली. त्यासाठी पैसे पडत नाहीत. यातील एक नियम मात्र विचार करण्याजोगा आहे. एकाच वेळी अनेकांना पाठविलेला संदेश फक्त त्यालाच पोहोचतो, ज्याने दुकानाचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये जतन केलेला आहे. म्हणजे पाच हजार क्रमांक कोठून तरी मिळविले तरी उपयोग शून्य. क्रमांक जतन करावयास गिऱ्हाइकाला दुकानाविषयी थोडी तरी आपुलकी हवी. जुन्या व्यापाऱ्यांनी मिळविलेली ओळख इथे कामास येते. नव्या दुकानदाराच्या झगमगीत पानापेक्षा चाळीस वर्षांच्या दुकानाचा साधा संदेश अधिक घरांत उघडला जातो. आणि गूगलच्या नकाशावर दुकानाचे नाव, वेळ व सुटीचा दिवस घालणे हे तर अर्ध्या तासाचे काम आहे. तेही अनेकांनी केलेले नाही, याचे आश्चर्य वाटते.

भाव लिहिण्याविषयी आपल्याकडे फार संकोच आहे. ‘किमतीसाठी संपर्क साधा’ असे लिहिले की गिऱ्हाइकास वाटते, माणूस पाहून भाव सांगणार. किंमत उघड लिहावी. शेजारच्या दुकानदाराला कळेल ही भीती निरर्थक आहे, त्याला ती कालच कळलेली असते.

माणूस म्हणून ओळख निर्माण झाली की काय होते, याचे एक सुंदर उदाहरण नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडले. सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजींनी नातवाच्या मदतीने यूट्यूबवर ‘आपली आजी’ या नावाने घरचे पदार्थ करून दाखविण्यास आरंभ केला. २०२० मध्ये लाखो लोक त्यांना पाहू लागले. पुढे त्याच विश्वासावर घरगुती मसाल्यांची विक्रीही उभी राहिली. आजींकडे हात आणि अनुभव होता, नातवाकडे मोबाइल. आपल्या पेढ्यांतून नेमकी हीच जोडी एका छपराखाली बसलेली असते, आणि बहुधा एकमेकांवर रागावलेली असते. मुलगा म्हणतो, ‘बाबांना काही कळत नाही.’ बाबा म्हणतात, ‘हा दिवसभर मोबाइलमध्ये असतो.’ मग मुलगा पुण्यास नोकरीला जातो आणि तीन पिढ्यांच्या दुकानाला शटर लागते. पेठेत अशी बंद शटरे मोजावयास बसल्यास एका हाताची बोटे पुरणार नाहीत. गादीवरील ज्ञान आणि पडद्यावरील ज्ञान यांची वाटणी घरातच झाली, मुलाला एका कामाची पूर्ण जबाबदारी आणि त्याचा हिशेब दिला, तर त्याला थांबावेसे वाटण्यास निदान एक कारण मिळेल.

त्याच आजींच्या बाबतीत आणखी एक घटना घडली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे ते खाते कोणी चोराने ताब्यात घेतले. ते परत मिळेपर्यंत काही दिवस सारे कष्ट परक्याच्या हाती होते. तत्पूर्वी, २९ जून २०२० रोजी, केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कित्येक तरुणांनी जमविलेले चाहते एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. ऐन सणाच्या तोंडावर सारा व्यवहार त्यावरच चालविणाऱ्यांनी काय करावे? ही जागा भाड्याचीही नव्हे, कारण भाडेकरूस निदान भाडेचिठ्ठी असते. तेथे दुकान कोणाला दिसावे हे कंपनी ठरविते. फेसबुकच्या पानाला पसंती देणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपला मजकूर दिसतो, बाकीच्यांना तो दाखविण्यासाठी पैसे मोजावे लागतात. म्हणून खात्याला दुहेरी कुलूप लावावे, संकेतशब्द नोकराच्या स्मरणावर सोडू नये.

पैशांच्या बाबतीत एवढेच सांगावयाचे की, पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. ज्याने टाकावयास सांगितले तो ठग समजावा. गिऱ्हाइकाने दाखविलेल्या पडद्याच्या चित्रावर माल सोडू नये, स्वतःच्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

आणखी दोन गोष्टी नीतीच्या आहेत आणि कायद्याच्याही. सेमी पैठणीला पैठणी म्हणणे, आर्ट सिल्कला सिल्क म्हणणे, हे तोंडी चालत असे आणि विसरले जात असे. आता ते लिहिलेले राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पैसे किंवा वस्तू घेऊन मालाची वाखाणणी करणाऱ्यांनी तसे उघड सांगितले पाहिजे, असे मार्गदर्शन केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये दिले आहे. लातूरच्या एखाद्या प्रसिद्ध मुलाला बोलावून चित्रफीत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अचौर्य आणि सत्य ही व्रते ज्यांच्या घरी लहानपणापासून शिकविली जातात, त्यांना दंडाचा आकडा सांगण्याची वेळ येऊ नये, पण असो.

दुसरी गोष्ट स्त्री गिऱ्हाइकांच्या छायाचित्रांची. साडी अंगावर लावून आरशात पाहणाऱ्या मुलीचे चित्र तिला न विचारता दुकानाच्या स्टेटसवर टाकणे ही लहान गावात लहान चूक नव्हे. तिच्या घरी काय बोलणे होईल याची दुकानदाराला कल्पना नसते, आणि ते चित्र एकदा पुढे गेले की परत आणता येत नाही. तिने हौसेने स्वतः पाठविले तरी पुन्हा एकदा विचारावे. साडी नुसत्या गादीवर मांडूनही शोभून दिसते.

आरंभ कोठून करावा, असे तरुण मंडळी विचारतात. सोयाबीनचे पैसे हातात येण्याआधी, म्हणजे भाद्रपदात, गिऱ्हाइकांचे क्रमांक गोळा करावयास बसावे. बिल फाडताना विचारले तर नव्वद टक्के लोक देतात, मात्र कशासाठी हवा ते सांगावे आणि नको म्हणणाऱ्यास पुन्हा विचारू नये. आठवड्यातून एकापेक्षा अधिक संदेश पाठवू नये. आलेल्या प्रश्नास त्याच दिवशी उत्तर जावे, माल संपला असेल तर ‘संपला’ एवढे तरी लिहावे. बदलून देण्याचे नियम आधी कळवावे. आणि ते सारे क्रमांक, गावाच्या नावासह, एका जाड वहीत शाईने उतरवून काढावे. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी रोजमेळ आणि खतावणीच्या शेजारी ती वहीही पाटावर ठेवावी.