प्रश्न कुणाच्या शब्दांत?

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना, 'आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा? आठवड्यानं विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या? पहिल्यांत ७ जण 'हो' म्हणाले, दुसऱ्यांत १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!

असल्या अभ्यासांचा आधार घेऊन वकील बाईलाच खोटी पाडू बघतात, तेही आहेच. म्हणून केंद्रात बाई आली की मी "मारलं का?" असं विचारत नाही. "काय झालं ते सांग," एवढंच. मध्ये बोलत नाही. ती 'ढकललं' म्हणाली तर 'ढकललं'च लिहिते, आणि सहीआधी वाचून दाखवते.