दोन्ही
दुसरीच्या मुलांना मी शिकवायचे: कीबोर्ड आणि माऊसनं आपण कॉम्प्युटरला सांगतो, स्क्रीन, स्पीकर आणि प्रिंटरमधून तो आपल्याला सांगतो. मुलं पाठ करायची. चाचणीत विचारलं, स्क्रीन कशासाठी? सांगायला की बघायला? एका मुलीनं लिहिलं, 'दोन्ही.' मी फुली मारली.

ती पेपर घेऊन आली. "बाई, आईच्या मोबाइलवर मी बोटानं नंबर दाबते, आणि तो तिथंच दिसतो."

बरोबर होतं तिचं. टचस्क्रीन दोन्ही कामं करते. मी सगळ्यांसमोर फुली खोडली, मार्क दिला.

आता आधी वस्तू हातात देते, नाव नंतर. विचारते, "हिला तू सांगतोस, की ही तुला सांगते?" घरी तुम्हीही विचारून बघा. आणि उत्तर वेगळं आलं, तर फुली मारण्याआधी कारण विचारा.