बिऱ्हाड हललं, पण टपाल?



बिऱ्हाड हलवताना माणूस तांब्याभांड्यांपासून केरसुणीपर्यंत सगळं आठवणीनं नेतो. टपालाची आठवण मात्र नव्या घरात आठ दिवस लोटल्यावर होते. आमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचं बिऱ्हाड मी हलवलं, तेव्हा नेमकं हेच झालं.

ऐन प्रवेशाचे दिवस. जुन्या कंपनीचा सर्व्हर संथ झाला होता, म्हणून संकेतस्थळ दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं ठरलं. मी मराठी शिकवणारा माणूस. पण संगणकाशी थोडी सलगी, म्हणून काम माझ्याकडे आलं. एका संध्याकाळी ते उरकलंही. पानं झरझर उघडू लागली, प्राचार्यांनी पाठ थोपटली. नवव्या दिवशी एक मुलगी वडिलांना घेऊन कार्यालयात आली. शुल्क दोन हप्त्यांत भरता येईल का, असं तिनं ईमेलनं विचारलं होतं. उत्तर नाही, आणि मुदत संपलेली. हेडक्लार्क म्हणाले, "सर, यंदा चौकशाच कमी!" चौकशा कमी नव्हत्या, त्या भलत्याच पेटीत पडत होत्या. तिची जागा शिल्लक होती म्हणून निभावलं.

चूक कुठे झाली? डोमेनच्या नावामागे एक नोंदवही असते. तिला डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली ही योजना मांडली. या वहीत 'ए' नावाची नोंद संकेतस्थळाचा पत्ता सांगते, तर 'एमएक्स' नावाची नोंद टपाल कुठे टाकायचं ते सांगते. जणू एकाच सातबाऱ्यावर दोन खातेदार! आमची ईमेल तिसऱ्याच कंपनीकडे होती. मला बदलायची होती फक्त 'ए' नोंद. मी मात्र अख्खी वहीच नव्या कंपनीच्या स्वाधीन केली. तिच्या कोऱ्या वहीत टपालाचा पत्ता तिनं आपलाच घातला होता, आणि तिथली पेटी कुणाचंही पत्र मुकाट्यानं ठेवून घेत होती.

आता गंमत पाहा. टपालाचा सर्व्हर नुसता बंद असता, तर एवढं बिघडलं नसतं. पाठवणाऱ्या सर्व्हरनं निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, असा या व्यवहाराचा दंडक आहे. बंद दार परवडतं. चुकीचं उघडं दार परवडत नाही.

म्हणून हे काम करणाऱ्यानं आधी जुन्या वहीतली प्रत्येक नोंद उतरवून घ्यावी. आपल्या नावानं टपाल पाठवण्याचा अधिकार कोणाला, हे सांगणारी 'एसपीएफ'ची ओळही त्यात आली. प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाची मुदत असते. तेवढा वेळ इतर संगणक जुनाच पत्ता घोकत राहतात. ती पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. दोन दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणावी. मग वही जागेवर ठेवून 'ए' नोंद तेवढी बदलावी. वहीच हलवणं भाग असेल, तर सगळ्या नोंदी नव्या वहीत आधी लिहून घ्याव्यात. टपालपेट्याही जुन्याच सर्व्हरवर असतील, तर 'एमएक्स' ज्या नावाकडे बोट दाखवते ते संकेतस्थळाचंच नाव नाही ना, हे पाहावं. नाहीतर एक हलवताना दुसरं आपोआप हलतं. शेवटी बाहेरच्या खात्यावरून एक पत्र पाठवून पाहावं, आणि जुनं खातं लगेच बंद करू नये.

त्या भलत्या पेटीतलं प्रत्येक पत्र मी नंतर वाचलं, प्रत्येकाला उत्तर लिहिलं. दोघांनी तोवर दुसरीकडे प्रवेश घेतला होता. संकेतस्थळ बंद पडलं तर लोक ओरडतात, ते लगेच कळतं. पत्र हरवलेला माणूस ओरडत नाही. आपल्याला उत्तर देण्याजोगं कुणी समजलं नाही, असं मानून तो गप्प बसतो. बिऱ्हाड हलवताना आधी त्याची आठवण ठेवावी.