दोन तज्ज्ञ आणि एक निदान



शाळेच्या व्यासपीठावर वारेची चर्चा कशाला, असे काहींना वाटले असेल. परंतु आपल्यापैकी प्रत्येक जण जन्मापूर्वी याच अवयवाच्या आधाराने जगला आहे. आईच्या रक्तातील प्राणवायू व अन्नरस बाळापर्यंत पोहोचविणे आणि बाळाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये परत आणणे, हे वारेचे कार्य. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण अर्धा किलो भरते. बाळंतपण झाले की तिचे काम संपते आणि पुष्कळ घरांत ती रीतीप्रमाणे पुरली जाते.

पण मूल मृत जन्मले, फार लवकर जन्मले किंवा वाढ खुंटलेले जन्मले, तर तीच वार साक्षीदार ठरते. पॅथॉलॉजिस्ट तिचे वजन करतो आणि नाळेत दोन रोहिण्या व एक नीला आहे ना, हे पाहतो. मग छोटे तुकडे मेणात बसवून त्यांचे अतिशय पातळ काप काढले जातात, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. जंतुसंसर्ग झाला होता का, आईकडून येणारा रक्तपुरवठा कमी पडला का, बाळाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झाली का, याची उत्तरे तेथे मिळू शकतात. यांतील काही विकार पुढच्या गरोदरपणात पुन्हा उद्‌भवतात. म्हणून त्या अहवालावर पुढच्या बाळाची काळजी अवलंबून असते.

आता मुख्य प्रश्न. तीच काच दोन तज्ज्ञांना स्वतंत्रपणे दाखविली, तर दोघे एकच निदान करतील काय?

उत्तर असे की, काही बाबतींत बरेचसे, काही बाबतींत फारच कमी. वारेच्या आवरणांत तीव्र दाह आहे की नाही, यावर तज्ज्ञांचे मत बऱ्यापैकी जुळते. तो दाह कोणत्या पायरीचा, हे ठरविताना मतभेद वाढतात. वारेची परिपक्वता दिवसांच्या मानाने मागे आहे की पुढे, यावर तर एकमत अवघडच. कारण निसर्गाने तेथे रेघ ओढलेली नाही. चौतीस गुणांचा विद्यार्थी आणि पस्तीस गुणांचा विद्यार्थी यांत जेवढा फरक असतो, तेवढाच तेथे असतो. पण एक नापास होतो व दुसरा पास.

हा दोष केवळ डॉक्टरांचा आहे असे समजू नका. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टोग यांनी १९३५ साली ऱ्होड्स यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच पुन्हा तपासल्या. २१० निर्णयांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाचा निकाल बदलला. दुसऱ्याशी सोडा, माणसाचे स्वतःशीही एकमत नव्हते!

एकमत मोजायचे कसे? येथे थोडे गणित पाहू. समजा, दोन तज्ज्ञांनी १०० काचा पाहिल्या. दोघांनी ८५ निर्दोष व ५ सदोष ठरविल्या. उरलेल्या १० बाबत मतभेद झाला, त्यांतील ५ एकाला सदोष वाटल्या व ५ दुसऱ्याला. एकमत ९० टक्के; ऐकायला छान वाटते. परंतु प्रत्येकाने ९० काचा निर्दोष म्हटल्या आहेत. असे असता नुसत्या योगायोगानेच ८२ ठिकाणी मते जुळली असती. म्हणजे योगायोगापलीकडे कमाई करायला १८ जागा होत्या, आणि मिळाल्या फक्त ८. आठ भागिले अठरा, म्हणजे सुमारे ०.४४. या मापाला 'कॅपा' म्हणतात. जेकब कोहेन यांनी ते १९६० साली मांडले, आणि तेही शिक्षण व मानसशास्त्रातील मोजमापाला वाहिलेल्या नियतकालिकात. १९७७ साली लँडिस आणि कॉक यांनी केलेल्या प्रतवारीत ०.४४ हे केवळ 'मध्यम' एकमत ठरते.

उपाय कोणता? उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वी परीक्षक व नियामक एकत्र बसून कशाला किती गुण हे ठरवितात, तोच. २०१४ साली ॲमस्टरडॅम येथे वारेचे तज्ज्ञ जमले. कोणत्या विकाराला काय म्हणावे, त्याच्या पायऱ्या कशा पाडाव्यात आणि कोठून किती तुकडे घ्यावेत, हे त्यांनी ठरविले. वार व नाळ यांचे किमान चार नमुने घ्यावेत, असे त्यांचे मत पडले. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. शब्द एक झाले म्हणून डोळे एक होत नाहीत. पण मतभेद नेमका कोठे आहे, हे तरी कळते.

आपल्या परंपरेला ही शिस्त परकी नाही. हदीसच्या अभ्यासकांनी एकाच उस्तादाच्या अनेक शागिर्दांची कथने शेजारी ठेवून पडताळली. साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरच त्यांच्या एकमताला किंमत असते, हे त्यांनी ओळखले होते.

पालकहो, घरात असे दुःख ओढवले आणि डॉक्टरांनी वार तपासायला मागितली, तर नाही म्हणू नका. पुढच्या वेळी अहवाल बरोबर न्या. निदान संशयास्पद वाटल्यास त्याच काचा दुसऱ्या तज्ज्ञाला दाखविता येतात. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. आणि जेथे तज्ज्ञसुद्धा जपून बोलतात, तेथे "सुनेनेच काही केले असेल" असा निकाल शेजाऱ्यापाजाऱ्यांनी देऊ नये. मूल गमावलेल्या आईवर हा दुसरा घाव असतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी एखादी मुलगी, एखादा मुलगा उद्या त्या सूक्ष्मदर्शकासमोर बसावा, ही माझी दुआ आहे. तेथे बसाल तेव्हा दिसले तेवढेच लिहा. शंका असेल, तर शंकाही लिहा आणि शेजारच्याला काच दाखवायला लाजू नका.

खुदा हाफिज.