बारा लेखांचा कर्ता

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ 1787-88 साली 'पब्लियस' या टोपणनावाने जे 85 लेख लिहिले गेले, त्यांपैकी 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा दीर्घकाळ तुंबलेला दावा मॉस्टेलर व वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 साली 'अपॉन'सारख्या क्षुल्लक शब्दांच्या साक्षीवरून निकालात काढला. हॅमिल्टनच्या निर्विवाद लेखनात हा शब्द हजार शब्दांत सुमारे तीनदा येतो, मॅडिसनच्या लेखनात क्वचितच. अशा प्रत्येक शब्दाची साक्ष स्वतंत्र मानून, थॉमस बेझच्या नियमाने प्रत्येक लेखकाकडून ते शब्द येण्याच्या संभाव्यतांचा गुणाकार केला, की पारडे एकाकडे झुकते. शब्द वस्तुतः परस्परावलंबी असतात; तथापि हे भाबडे गृहीतक व्यवहारात विलक्षण उपयोगी ठरते, आणि मला त्याचा साधेपणाच थोर वाटतो. बाराही लेख मॅडिसनच्या खाती जमा झाले. 55व्या लेखाचा पुरावा तेवढा इतरांहून दुबळा होता.