बोडीचं पाणी सांदवाडीत



धान कापल्यावर बोडीत पाणी राहते, अन् आपली सांदवाडी सुकते. बाया डोक्यावर किती गुंड वाहतील?

बोडी उंचावर असेल तर पाइप टाकू. तीन फूट ओट्यावर ड्रम ठेवू, पाणी फडक्यानं गाळून भरू. खाली तोटी, तिला नळी; वांगी-मिरचीच्या बुडाशी बारीक छिद्र. थेंब थेंब पाणी जाते, मोटर लागत नाही.

मधात जंगल आलं तर? वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. तलाव, पाइपलाइन, लहान पाट अशा सरकारी कामाला एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडता येत नाहीत. पण ग्रामसभेची शिफारस लागते.

म्हणून आधी ठराव, मग पाइप. पाण्याची पाळीही आपण ग्रामसभेतच ठरवू.

जय सेवा!