मिठागरांच्या गावी आपलं स्वागत

नांदेड, चंद्रपूर, सावंतवाडी, बेळगाव अशा लांबलांबच्या गावांहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या प्रतिनिधी भगिनींनो आणि बंधूंनो,

वडाळ्यात मी आपलं मनापासून स्वागत करतो.

मुलींना उच्च शिक्षणात मिळणारं समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण या विषयावर परिषद घ्यायची आणि ती मुंबईत घ्यायची, एवढं ठरल्यावर जागेची चर्चा सुरू झाली. कुणी चर्चगेट सुचवलं, कुणी दादर. मी वडाळ्याचं नाव घेतलं तेव्हा समितीतले दोघे-तिघे थबकले. मुंबईकराच्या लेखी वडाळा म्हणजे हार्बरवर गाडी बदलायचं ठिकाण. अंधेरीकडची आधी येते की पनवेलची, तेवढं इंडिकेटरवर बघायचं आणि निघायचं. मी या गावात जन्मलो, इथेच माझं झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचं दुकान चाललं, आता ते मुलगी चालवते. त्यामुळे आपण आज इथे थांबलात याचा मला किती आनंद झाला आहे, ते मला नीट सांगताही येणार नाही.

आमचं गाव मिठाचं. खाडीचं पाणी खाजणात घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं आणि उन्हावर सोडून द्यायचं, हा इथला मूळ धंदा. कात्रक रोडवरचं विठ्ठल मंदिर आपण पाहालच. मिठागरात काम करणाऱ्यांना ती मूर्ती सापडली असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आषाढीला या रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. पहाटेपासून रांग, दोन्ही बाजूंनी तुळशीमाळा, बुक्का, खेळण्यांच्या गाड्या, आणि शाळांच्या दिंड्या. पायापेक्षा लांब नऊवारी नेसलेल्या दुसरी-तिसरीतल्या मुली डोक्यावर प्लास्टिकचं तुळशीवृंदावन एका हाताने सावरत चालतात, दुसऱ्या हाताने ओचा धरतात. ज्यांना पंढरपूर जमत नाही त्यांचं हे पंढरपूर. अँटॉप हिलला शेख मिस्रींचा दर्गा आहे, राममंदिरात जीएसबी मंडळींचा गणपती बसतो, थोडं पुढे गेलात तर पारशी कॉलनी आणि पाच बागा. हे सगळं चालत फिरण्यासारखं आहे.

या मिठागरांनी मिठाच्या सत्याग्रहाचं 1930 साल पाहिलं. दांडीला निघालेल्या पहिल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. स्त्रियांनाही या लढ्यात घ्या, असा आग्रह कमलादेवी चट्टोपाध्यायांनी गांधीजींकडे धरला आणि तो मान्य करून घेतला. त्यानंतर मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या धाडींमागून धाडी पडल्या. सर्वांत मोठी पडली 1 जूनला. सुमारे 15 हजार माणसं होती. पोलिसांचं कडं ओलांडून, गुडघाभर चिखल तुडवत, लाठ्या खात लोक मिठापर्यंत पोचले आणि मूठमूठ मीठ घेऊन परतले. त्या चिखलात बायका होत्या, मुलं होती. मार्चमध्ये यादीत एकही बाई नव्हती आणि जूनमध्ये वडाळ्यात त्या चिखलात उतरल्या होत्या. आपल्या परिषदेची जागा म्हणून वडाळा सुचवताना माझ्या मनात हे होतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयावर थोडा वेळ घेतो. कार्यवाहांनी मला 15 मिनिटं दिली आहेत, तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. 1890 साली ते उभं राहिलं. रस्त्यावर टाकलेल्या, घरच्यांनी हाकललेल्या महारोग्यांसाठी लोकांच्या देणग्या गोळा करून ते बांधलं गेलं. हॅरी अ‍ॅकवर्थ हे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर. शहर म्हातारं होतं तसं नावं नुसती पाट्यांवर उरतात. अ‍ॅकवर्थ हे नाव बसच्या कंडक्टरपासून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण माणूस कोण होता हे फार थोड्यांना माहीत. हा साहेब मराठी पोवाड्यांचा वेडा होता. शंकर तुकाराम शाळिग्राम या आपल्या मराठी माणसाबरोबर त्याने शाहिरांच्या तोंडचे पोवाडे जमवले आणि 1891 साली ग्रंथ छापला. पुढे 1894 साली त्यातल्या काहींचं इंग्रजी भाषांतर त्याने विलायतेत प्रसिद्ध केलं. मूळ ग्रंथाचं नाव आपण लक्ष देऊन ऐका: 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे'. 'व स्त्रियांचे'! 1891 साली, जेव्हा मुलीने पाटीला हात लावला तर नवरा मरतो म्हणणारी माणसं घरोघरी होती, तेव्हा हे दोन शब्द मुखपृष्ठावर आले. ते नुसत्या 'पुरुषांचे' या शब्दावर थांबले असते तरी कुणी तक्रार केली नसती.

त्या दोघांतले शाळिग्राम वडाळ्याचे नव्हेत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण इस्पितळाच्या नात्याने ते आमचेच. गेटवर साहेबाचं नाव आहे, शाळिग्रामांचं या गावात कुठेही नाही. एखाद्या चौकाला, एखाद्या वाचनालयाच्या खोलीला ते मिळावं म्हणून मी पुष्कळ वर्षं अर्ज करतो आहे. आज इतके अभ्यासक एकत्र आले आहेत तर हा ठराव चर्चेला घ्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. रुग्णालयाच्या आवारातलं कुष्ठरोगाचं संग्रहालयही जमल्यास अवश्य पाहा.

शिक्षणाचं म्हणाल तर आपण आत्ता जिथे बसलो आहोत तिथून चालत जाण्याच्या अंतरावर अभियांत्रिकीची व्हीजेटीआय आहे. सरकारी पत्ता माटुंगा आहे, त्याबद्दल मी माटुंगेकरांशी वाद घालणार नाही. 1887 साली ही संस्था व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीनिमित्त निघाली, 1923 साली भायखळ्याहून इकडे आली. 1997 साली नाव बदलून वीरमाता जिजाबाई झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली. म्हणजे आधी राणीचं नाव होतं, मग आईचं आलं. आणि तरीही माझ्या तरुणपणी त्या गेटातून सुटलेल्या वर्गांत मुली शोधाव्या लागत. तिच्या शेजारी रसायन तंत्रज्ञान संस्था, 1933 सालची. किडवई रोडवर एसएनडीटीशी संलग्न मणिबेन शहा महिला महाविद्यालय. आणि वडाळ्यात आमचं डॉ. आंबेडकर महाविद्यालय, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. ही सोसायटी स्थापन झाली 8 जुलै 1945 रोजी. मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी देणारा शासन निर्णयही 8 जुलैचाच, 2024 सालचा. हा योग जुळवून आणलेला नसेल, पण मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

परिषदेच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. घटनेचं कलम 15(3), समांतर आरक्षणावरचे न्यायालयाचे निकाल, हे सगळं दोन दिवस जाणकार उलगडतीलच. मी फॉर्म भरणारा माणूस. माझ्या दुकानात मे ते ऑगस्ट चार महिने आई-बाप आणि मुलं स्टुलांवर बसलेली असतात. तिथे जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आपल्या राज्यात शासकीय, अनुदानित आणि विद्यापीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रत्येक प्रवर्गातल्या 30 टक्के जागा मुलींच्या. कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीची, यादी लागते तेव्हा जागेच्या सांकेतिक नावात पहिलं अक्षर 'जी' असतं किंवा 'एल'. 'जी' म्हणजे जनरल, 'एल' म्हणजे लेडीज. एका वर्षी अँटॉप हिलची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील गोदीतल्या गोदामात हमाली करणारे. चांगल्या सरकारी कॉलेजात जागा लागली होती, पण कॉलेज मुंबईबाहेरचं, वसतिगृहाचा खर्च. धाकटा मुलगा आठवीत. वडिलांचं म्हणणं, पुढे त्याच्यासाठी पैसा लागेल, हिला इथेच बीएस्सीला घालतो. मी प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी त्या 'एल'वर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं, ही जागा मुलींची. ते म्हणाले, "हिनं सोडली तर?" मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीला जाईल." ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "पेन दे." आज ती मुलगी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला दुकानात येऊन जाते.

आरक्षणाने गुणवत्तेचं काय होतं यावर पुष्कळ वाद मी ऐकले आहेत. माझ्या अनुभवात त्या 'एल'चं खरं काम कॉलेजात सुरूच होत नाही, ते घरात सुरू होतं. घरात मुलीची बरोबरी नेहमी भावाशी होते आणि तिथे तिचा नंबर मागे लागतो. ही जागा भावाच्या वाट्याची कधीच नव्हती, हे कागदावर दिसलं की बापाच्या हिशेबातला तो रकानाच उडतो.

आयआयटीचं उदाहरण द्यायला हवं, कारण पवई आपल्या जवळ. 2018 पासून आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. मुलांची एकही जागा कमी केली नाही, वर जागा वाढवल्या. त्याआधी शंभरात जेमतेम आठ-दहा मुली असत. उद्दिष्ट ठेवलं पहिल्या वर्षी 14 टक्के, मग 17, आणि 2020 पर्यंत 20. या मुली जेईईची तीच परीक्षा देऊन येतात. त्यांच्यात कमी होतं ते एवढंच की कोटाला किंवा लातूरला पाठवताना घरात मुलाचं नाव आधी निघत होतं.

आणि ज्यांना वाटतं की दार उघडंच होतं, मुलीच येत नव्हत्या, त्यांनी कमला सोहोनींची गोष्ट आठवावी. त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेऊन बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. सर सी. व्ही. रामन तिथे संचालक. मुलगी म्हणून नकार आला. कमलाबाई थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला तो अटी घालून, वर्षभर काम पाहू म्हणून. पुढे त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या, आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक. कमलाबाईंसारखी संचालकांपुढे जाऊन उभी राहणारी मुलगी घराघरात नसते. जिच्यात तेवढं बळ नाही पण गणित उत्तम आहे, तिच्यासाठी ही 30 टक्क्यांची सोय आहे.

एक काळजी मात्र आपल्या कानावर घालतो. 8 लाखांच्या उत्पन्नाच्या आत फी माफ झाली, हे फार मोठं काम झालं. पण फी माफ झालेली मुलगी राहणार कुठे? माझ्या दुकानात परत फिरलेल्या मुलींपैकी बहुतेक वसतिगृहावर अडल्या. दोन दिवसांत यावर एखादं सत्र वाढवता आलं तर पाहावं.

आता आभार आणि क्षमायाचना. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव त्याला लागलं, तेच आजचं एसएनडीटी. आमचे दाते इतके मोठे नसतील, पण मन तेच. कात्रक रोडच्या एका भांडेवाल्यांनी सगळी ताटं-वाट्या दिल्या आणि नाव घ्यायचं नाही म्हणून मला दटावलं आहे. गोदीतून निवृत्त झालेल्या 40 जणांनी प्रत्येकी एका दिवसाची पेन्शन दिली. फुलवाल्या मावशींनी आजच्या हारांचे पैसे घेतले नाहीत. मंडपवाल्यांनी अर्ध्या दरात काम केलं. दोन बचत गटांच्या भगिनी पहाटे 3 वाजल्यापासून भाकऱ्या थापत आहेत. स्वयंसेवक मुलामुलींनी परीक्षा तोंडावर असताना सतरंज्या उचलल्या. या सगळ्यांपुढे मी हात जोडतो.

उणिवा खूप आहेत. निमंत्रणपत्रिकेत स्टेशनची बाजू पश्चिमेऐवजी पूर्व छापली गेली. प्रूफ मीच पाहिलं होतं, चूक माझी. त्यामुळे काल रात्री काही भगिनींना सामान घेऊन पूल चढून परत यावं लागलं, त्याची मला रात्रभर रुखरुख होती. मुक्कामाच्या शाळेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं कमी पडत आहेत. मुलींच्या प्रश्नावरच्या परिषदेत हे व्हायला नको होतं. दोन फिरती शौचालयं सकाळी आली आहेत, आणखी दोन दुपारपर्यंत येतील, मी स्वतः मागे लागलो आहे. गरम पाणी 6 ते साडेसात मिळेल. गाद्या पातळ आहेत, ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी स्वयंसेवकांना सांगावं, घराघरांतून गाद्या आणायची तयारी आहे.

उद्या रविवार, हार्बरला मेगाब्लॉक आहे. ज्यांच्या गाड्या दादर किंवा कुर्ल्याहून आहेत त्यांच्यासाठी साडेतीन आणि साडेपाचला दारातून बस सुटेल. नावं दुपारच्या जेवणाआधी नोंदवा. मधुमेही मंडळींसाठी जिलेबीऐवजी वेगळी वाटी ठेवली आहे, ती डाव्या हाताच्या पहिल्या टेबलावर मागून घ्या. काल रात्री वर्गखोली क्रमांक 4 मध्ये सापडलेला चष्मा माझ्याकडे आहे.

उद्घाटकांनी आता दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं, अशी मी विनंती करतो.